शिआनची कढई

बाळाजी शिर्के बढाईखोर होते, आणि ते त्यांनी स्वतः कधी नाकारलंही नाही. तुबलीच्या खाडीकडेच्या एका मोठ्या गॅरेजात ते फोरमन होते. कराडजवळच्या खेड्यातला माणूस बहारीनला येऊन फोरमन होतो, सनाबिसला अंगण असलेलं घर भाड्याने घेतो आणि बायको-मुलीला तिथे आणून ठेवतो, ही त्यांच्या मते चारचौघांत सांगण्यासारखीच गोष्ट होती. ते ती सांगायचे, आणि ऐकणारा कंटाळला तरी त्यांना त्याचा पत्ता नसायचा. त्यामुळे एकुलती एक मुलगी शुभदा चीनला शिकायला निघाली तेव्हा त्यांना बोलायला दिवस पुरेना.

शुभदा पुण्याला मावशीकडे राहून बी.ए. झाली होती. तिथेच एका म्हाताऱ्या सरांकडे ती हौसेने चिनी शिकायला जायची. सरांनी मागे लागून तिला दिल्लीला परीक्षेला बसवलं आणि सरकारी शिष्यवृत्तीवर चीनला जाणाऱ्या मोजक्या मुलांत तिची निवड झाली. हे पंच्याऐंशी साल. गावाकडच्या चुलत्यांनी तर कपाळालाच हात लावला. "बासष्ट साली ज्यांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्यात पोरगी धाडतोस व्हय रे?" असं त्यांनी विचारल्यावर बाळाजी म्हणाले, "मग त्यांच्याच भाषेत त्यांना चार शब्द सुनावनारं आपल्यात कुणी नको का?" हे उत्तर त्यांना स्वतःला इतकं आवडलं की मनाम्याच्या बाजारात जो मराठी माणूस भेटेल त्याला ते ऐकवत सुटले.

मग ट्रंकेचा घाट घातला गेला. जाड पत्र्याची हिरवी ट्रंक त्यांनी विकत आणली आणि गॅरेजातल्या पेंटरपुढे ठेवली. हा पेंटर ट्रकच्या दारांवर मालकांची नावं रंगवायचा, इंग्रजीत आणि अरबीत, मोठ्या झोकात. बाळाजींनी हुकूम सोडला की नाव दोन्हीत घाल, आणि बहारीन सगळ्यांत मोठं.

"आबा, मी इंडियाकडून चाललेय," शुभदा म्हणाली. "पत्ता पुण्याचा घाला ना."

"पुन्याची काय, ढिगानं असत्यात. बहारीनची तू एकटी. भाव ऱ्हातो."

झालं. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात, उजवीकडून डावीकडे, शुभदा शिर्के आणि खाली अल-बहरैन असं वळणदार अरबी उमटलं. बाळाजींना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी ते लांब जाऊन बघून आले, पुन्हा जवळ येऊन बघितलं, आणि पेंटरला चहा पाजला.

या ट्रंकेनेच पुढे सगळा घोटाळा केला.

शुभदाचं कॉलेज शिआन शहरात होतं. हिवाळ्याच्या सुटीत तिथलं वसतिगृह बंद व्हायचं आणि परदेशी मुलांना गावातल्या कुटुंबांत राहायला पाठवायचे. कोणाला कुठे धाडायचं हे ठरवणाऱ्या माणसाने पटांगणात ठेवलेली हिरवी ट्रंक पाहिली. अरबी अक्षरं, अरबी देश, तेव्हा मुलगी मुसलमान, असा त्याने सरळ हिशोब मांडला. त्या शहरात चिनी मुसलमानांची मोठी जुनी वस्ती आहे. तिथून दिंग नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावणं गेलं. ते आले, मशिदीत शिकलेल्या अरबीच्या बळावर झाकणावरची अक्षरं बोट फिरवत वाचली, आणि ही आमचीच पोर म्हणत ट्रंक हातगाडीवर चढवून चालूही लागले. शुभदाला तेव्हा एवढं भराभर बोललेलं चिनी समजत नव्हतं. डुक्कर शिजत नाही अशा घरी आपण चाललोय एवढं तिला उमगलं, आणि तिला हायसं वाटलं.

दिंगांच्या घरी चुलीवर पातेलं रटरटत होतं. त्यात मोठ्याचं मटण होतं.

हा सगळा किस्सा शुभदाने पुढल्या जुलैत, सुटीला बहारीनला आल्यावर, पोट धरधरून हसत सांगितला. तिचं चुकलं एवढंच की तो तिने सदानंद गोडबोल्यांच्या देखत सांगितला. गोडबोले बँकेत अकाउंटंट होते आणि मराठी मंडळाचे सेक्रेटरी. मंडळात शुभदाचं चीनवर भाषण ठेवायचं म्हणून ते मुद्दाम सनाबिसला आले होते, आणि बाळाजींनी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली होती.

"म्हणजे, बीफ?" गोडबोल्यांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"पण मी खाल्लं नाही हो काका," शुभदा म्हणाली. "मी ताटाला हातच लावला नाही. मसूदाआजींना, म्हणजे दिंगआजोबांच्या बायकोला, वाटलं मी लाजतेय. मग मी मोडकंतोडकं सांगितलं की मी तुमच्यातली नाही, आणि हे आमच्याकडे चालत नाही. मला वाटलं, आली ट्रंक परत. तर दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या आणि माझ्यासाठी नवी कढई घेऊन आल्या. चुलीच्या वर वेगळ्या खिळ्याला टांगली. घरात सगळ्यांना दम दिला, हिला कोणी हात लावायचा नाही. त्यांना आमचं लगेच कळलं, कारण दुसऱ्यांच्या घरी जाताना ते लोकही आपलं भांडं बरोबर नेतात. मला शेवटपर्यंत त्याच कढईतलं मिळालं. भाजी, बकऱ्याचा रस्सा, सगळं."

"नाही, तुझा काहीच दोष नाही," गोडबोले म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त जरा जपून पाय टाकणारा होता. "पण भाषणात तो भाग वगळलेला बरा. बायका असतात, वयस्कर मंडळी असतात. उगाच चर्चा."

गोडबोले गेले, पण त्यांचं वाक्य खुर्चीतच बसून राहिलं. चर्चा व्हायची ती झालीच. आठवडा उलटायच्या आत मनाम्यातल्या किराणा दुकानात कुणीतरी बाळाजींना डोळे मिचकावत विचारलं, "काय फोरमन, पोरगी तिकडं काय काय चाखून आली?" दुसऱ्या कुणी टाळी मागितली. बाळाजींच्या डोक्यात अशी सणक गेली की घ्यायचं तूप तिथेच ठेवून ते बाहेर पडले.

खरं सांगायचं तर मुलीवर त्यांचा भरवसा होता. ती खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. मुसलमान शेजाराचं त्यांना वावडं असायचं तर कारणच नव्हतं, घरमालकीण रुकय्या आणि ते एकाच भिंतीचे दोन शेजारी होते आणि एकमेकांच्या घरच्या ताटल्या कोणाच्या कुठे हे दोघांनाही सांगता आलं नसतं. त्यांना झोंबलं होतं ते वेगळंच. ज्या मुलीचं नाव घेऊन ते वर्षभर छाती काढून फिरले तिच्या नावाने लोक आता हसत होते. बढाई मारणाऱ्या माणसाला दुसरं काहीही सोसतं, हसू तेवढं सोसत नाही.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. "खलास. पुन्यांदा चीनला जायचं न्हाई."

"आबा, अजून एक वर्ष आहे. सप्टेंबरात पोचले नाही तर जागा जाईल माझी."

"जाऊ दे."

"पण मी काय केलं?"

"तू काय बी न्हाई केलं. लोकांच्या तोंडाला झाकन न्हाई, त्याला मी काय करू?"

"वेगळी कढई होती आबा."

"कढई वेगळी म्हंजी घर वेगळं व्हतं का? कुणाकुणाला सांगत फिरू?"

शुभदाच्या आईने, सुनंदाबाईंनी, मधे पडायचा प्रयत्न केला. नवऱ्याने तोंड फिरवलं तशी त्या भांडी जरा आपटूनच घासायला लागल्या. शुभदा रडली नाही. तिला आबांचा शब्द मोडून जायचं नव्हतं, आणि हेही कळत होतं की या वर्षी सुटली ती शिष्यवृत्ती पुन्हा हाती लागणार नाही. तिने शिआनला दिंगांच्या घरी चार ओळी लिहून टाकल्या की बहुतेक माझं येणं होणार नाही. बाळाजींनी हिरवी ट्रंक उचलून गॅरेजात नेली आणि तिच्यात जुन्या बेअरिंगा भरून ठेवल्या.

ऑगस्टच्या शेवटी तार आली.

दिंग पतिपत्नी हजला गेले होते. तेवढ्यासाठी म्हाताऱ्याने जन्मभर वाट पाहिली होती आणि एवढ्यातच कुठे तिकडच्या लोकांना जायची परवानगी मिळू लागली होती, हे शुभदाने पूर्वीच सांगितलेलं होतं. आता परतताना जद्द्याहून बहारीन आणि तिथून हाँगकाँगचं विमान असा त्यांचा रस्ता होता, आणि मधला अख्खा दिवस बहारीनमध्ये. शुभदाला भेटायचंय, एवढंच तारेत होतं.

बाळाजी म्हणाले, "भेट की. त्या दिशी मला गॅरेजात काम हाय."

पण तार आल्याची बातमी भिंतीपलीकडे गेली. रुकय्याचा मुलगा लतीफ विमानतळावर नोकरीला होता, त्याच्याकरवी पाहुण्यांना दिवसभर बाहेर आणायची परवानगी काढायची होती, म्हणून शुभदानेच ती सांगितली. रुकय्या त्याच दुपारी अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या अंगणातलं कनारचं झाड, आपल्याकडच्या बोरीचंच भावंड, दोन्ही घरांवर सावली धरून होतं आणि त्याच्याखाली उभी राहून ती नेहमी फर्मानं काढायची.

"बालाजी, हाजी लोग आता है," ती तिच्या बाजारहिंदीत म्हणाली. नाही म्हणायचं तिथे ती मफी म्हणायची. "मुसलमान मेहमान. खाना मेरे घर. तुम मुश्किल मफी. तुम आराम करो."

तिच्या मनात काही वावगं नव्हतं. हिंदूच्या घरी हाजींची पंचाईत नको आणि हाजींपायी हिंदूंची धावपळ नको, एवढाच तिचा भला विचार. पण बाळाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या सकाळपर्यंत पाहुण्यांचं तोंड न बघायची भाषा करणारा माणूस ताडकन म्हणाला, "मफी कैसा? मेहमान मेरा है! मेरी लडकी को उन्होंने रखा, खिलाया. वो मेरे घर खायेगा. तुम भी मेरे घर खायेगा. यल्ला, खलास!"

रुकय्या डोळे मोठे करून बघत राहिली आणि मग खो खो हसली. दाराआड सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. शुभदा आत पळाली. आपण काय बोलून बसलो हे बाळाजींच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

मग मात्र ते अंगात आल्यासारखे कामाला लागले. सुनंदाबाईंनी बाजारातून नवं पातेलं, नवा तवा, नवी परात, डावसुद्धा नवा आणवला. "आपल्यात कदी डुक्कर शिजलं न्हाई," बाळाजी म्हणाले, "नवं कशाला?" तर त्या म्हणाल्या, "त्यांनी माझ्या पोरीसाठी इचारलं का, कशाला म्हणून?" मटण रुकय्याच्या खाटकाकडून आलं, आणि गावाहून आलेलं ज्वारीचं पीठ सुनंदाबाईंनी डब्याच्या तळातून काढलं.

विमानतळावर बाळाजी शुभदाला घेऊन लतीफच्या पिकअपमधून गेले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर आठ्या. मला हे नाइलाजाने करावं लागतंय असं त्या आठ्यांनी सगळ्यांना सांगावं अशी त्यांची अपेक्षा होती. दारातून दोन लहानखुरी म्हातारी माणसं बाहेर आली. त्याची पांढरी टोपी, तिचा पांढरा स्कार्फ, दोघांच्या हातांत कापडी बोचकी, आणि उन्हाने रापून दोघंही तांबूस झालेली. म्हातारीने शुभदाला पाहिलं आणि बोचकं खाली टाकून तिने जी मिठी मारली, ती बघून बाळाजींच्या आठ्यांची घडी विस्कटली.

आणि मग शुभदा बोलायला लागली.

वर्षभर बाळाजी जगाला सांगत होते की माझी मुलगी चिनी बोलते. पण ते त्यांनी स्वतः कधी ऐकलं नव्हतं. सुटीला आल्यावर एकदा गॅरेजात नेऊन "जरा बोलून दाखव" असं त्यांनी म्हटलं होतं, तेव्हा तिने चार शब्द म्हटले आणि ती लाजली. हे तसलं नव्हतं. ती म्हातारीशी भांडल्यासारखी बोलत होती, हसत होती, म्हातारीची पिशवी ओढून घेत होती, म्हातारा मधेच काही म्हणाला तर त्याला उलट उत्तर देत होती आणि तो मान डोलवत हसत होता. आवाज आपल्या शुभीचाच, पण चाल निराळी, चढउताराची, आणि ती तीत बिनधास्त फिरत होती. विमानतळावरची माणसं वळून बघत होती. बाळाजींचा ऊर भरून आला, आणि लतीफने बघू नये म्हणून ते पिकअपचं टायर तपासायला खाली वाकले.

जेवायला सतरंज्या अंथरल्या. पंखा, कूलर, सगळं सुरू करूनही घामाच्या धारा लागल्या होत्या. रुकय्या आपल्या घरचं खजुराचं ताट घेऊन आली आणि दिंगआजोबांना सलाम करून बसली. आजोबांची अरबी पोथीतली, हिची गल्लीतली, त्यामुळे सलाम झाला आणि गाडी अडली. तेव्हा शुभदा मधे बसली. रुकय्याचं अरबी ऐकून ते चिनीत सांगायचं, आजींचं चिनी आईला मराठीत सांगायचं, आईचं मराठी पुन्हा तिकडे पोचवायचं. लहानपणी रुकय्याच्या अंगणात खेळून शिकलेलं अरबी, घरचं मराठी, आणि परक्या मुलखात थंडीत कुडकुडत शिकलेलं चिनी, तिन्ही तिच्या तोंडून एकापाठोपाठ एक निघत होती आणि कुठेही अडखळत नव्हती. बाळाजी घास हातात धरून नुसते बघत होते. त्यांना अभिमान वाटला, आणि आजवर मारलेल्या सगळ्या बढाया फारच कमी पडल्या असंही वाटलं.

सुनंदाबाईंनी तांबडा रस्सा वाढला आणि प्रत्येकाच्या ताटात भाकरी ठेवली. पाहुण्यांना भाकरी कशी खायची हे कसं कळायचं, अशी त्यांना धास्ती होती. दिंगआजोबांनी भाकरी उचलली, उलटसुलट करून पाहिली, बायकोकडे बघून काहीतरी म्हणाले, आणि तिचे अगदी बारीक तुकडे करून वाडग्यात टाकायला लागले. न बोलता, मन लावून, पूर्ण भाकरी. मग वाडगा पुढे करून त्यांनी रस्सा मागितला.

"अरे, ह्यो तर भाकरी कुस्करतोय!" बाळाजी ओरडले.

"त्यांच्याकडे असंच खातात आबा," शुभदा म्हणाली. "बकऱ्याचा रस्सा, त्यात रोटी कुस्करून. अख्खं शिआन तेच खातं. मी तिकडे पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला घरची आठवण येऊन रडू आलं होतं."

"तश्रीब!" रुकय्याने आपल्या वाडग्याकडे बोट दाखवून जाहीर केलं, कारण बहारीनमध्येही रोटी रश्श्यात भिजवून खातात आणि ती पद्धत आपलीच असा तिचा ठाम समज होता. त्यावर कोणाची पद्धत जुनी यावर तीन भाषांत वाद झाला. वाद शुभदालाच तिन्ही बाजूंनी लढवावा लागला आणि शेवटी ती दमून हसत सुटली. बाळाजींनी स्वतःची भाकरी कुस्करली, म्हाताऱ्याच्या वाडग्यात आग्रहाने आणखी रस्सा ओतला आणि म्हणाले, "खावा, खावा. ह्यो मानूस कराडकडचाच हाय, चुकून तिकडं जल्मला."

जेवणं झाल्यावर मसूदाआजी हात धुवायला म्हणून आत गेल्या त्या चुलीपाशी थांबल्या. पालथं घातलेलं पातेलं त्यांनी हातात घेतलं. बुडाला दुकानाची चिठ्ठी अर्धी चिकटलेली होती, घाईत ती काढायची राहून गेली होती. आजींनी ती नखाने खरवडली, तव्याकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं, आणि सुनंदाबाईंचा हात घट्ट धरला. दोघींना एकमेकींचा एकही शब्द येत नव्हता. सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मग आजींनी आपलं बोचकं उघडलं. टॉवेल, तसबीहची जपमाळ, मक्केहून आणलेल्या झमझमच्या पाण्याचा डबा, असं एकेक बाजूला काढत त्यांनी तळातून फडक्यात बांधलेलं काहीतरी वर घेतलं. गाठ सोडली. आत एक लहान लोखंडी कढई होती, काळी कुळकुळीत, कानाला लाल दोरा बांधलेली.

शुभदाने ती पाहताक्षणी ओळखली.

आजी बोलत होत्या, बाळाजींकडे बघून, सावकाश. बोलून झाल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी शुभदाकडे पाहिलं. शुभदा मान खाली घालून बसली.

"काय म्हनल्या त्या?" बाळाजींनी विचारलं.

"काही नाही आबा. ही माझी कढई."

"त्या लई बोलल्या. सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

"म्हणतात, मुलगी तुमची आहे. ती परत येऊ नये असं तुम्हांला वाटत असेल तर तुमचा मान मोठा, आम्ही काही म्हणणार नाही. पण ही कढई हिची. ती माझ्या घरी तशीच राहिली तर आज ना उद्या कोणी विसरून दुसरं काही शिजवेल. हिच्या आईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण मनातल्या मनात तिला शब्द दिला होता. तो मोडायला नको म्हणून कढई बरोबर घेऊन निघाले. मक्केलाही नेली, पण तिच्यात काही शिजवलं नाही. आता जिची आहे तिच्या आईच्या हातात देते, म्हणजे मी मोकळी झाले."

रुकय्याने हळूच विचारलं काय झालं, तेव्हा शुभदाने नुसतं कढईकडे बोट दाखवलं.

बाळाजींनी कढई हातात घेतली. लोखंड त्यांना कळत होतं. त्यांचीही पान्यांची पेटी होती, तिला गॅरेजात कोणी हात लावत नसे, आणि अवजाराची निगा कोण राखतं आणि कोण नुसतं वापरतं हे ते लांबून सांगायचे. या कढईवर गंजाचा ठिपका नव्हता. एवढ्या प्रवासात, एवढ्या दमट हवेत तिला कोणीतरी रोज तेलाचं बोट फिरवत आलं होतं. कुठल्या कोण बाईने, जिला कराड कुठे हे माहीत नाही, जिच्या दारात आपल्या बढाईपायी चुकून एक पोर जाऊन पडली, तिने हे केलं होतं. आणि किराणा दुकानात दोन माणसं हसली म्हणून आपण ट्रंकेत बेअरिंगा भरून बसलो. बाळाजींना स्वतःची लाज वाटली, आणि त्यांना ती फार क्वचित वाटायची.

त्यांनी कढई सुनंदाबाईंकडे दिली नाही. फडकं पसरलं, कढई त्यात ठेवली आणि चारी कोपरे ओढून स्वतः गाठ मारली, लांबच्या प्रवासात सुटणार नाही अशी. मग ते उठले आणि गाठोडं त्यांनी मसूदाआजींच्या मांडीवर ठेवलं.

"सांग त्यास्नी," ते म्हणाले. "म्हनावं, परत न्या. तिथंच टांगा, त्याच खिळ्याला. सप्टेंबरात लागंल पोरीला."

शुभदाने चिनीत सांगायला तोंड उघडलं, पण तिला ते सांगता आलं नाही. आजच्या दिवसात पहिल्यांदाच ती अडली. सांगायची तशी गरजही नव्हती. मांडीवर गाठोडं आल्याबरोबर आजींना कळलं होतं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"आनि ते गोडबोल्यांचं भाषन," बाळाजी पुढे म्हणाले, कारण ते गप्प राहतील तर ते बाळाजी कसले, "जायच्या आधी उरकून टाक. सुरुवात कढईपासनं कर. काय बी वगळायचं न्हाई. मी पुढच्या खुर्चीत बसतो, बघू कोन हसतंय."

संध्याकाळी विमानतळावर पोचवायला सगळेच गेले. बोचकी तपासणारा अधिकारी तरुण होता. टॉवेल, तसबीह, पाण्याचा डबा बघेपर्यंत त्याला काही वाटलं नाही. पण गाठोडं सोडून त्याने काळी कढई वर धरली आणि तो चक्रावला. हाजींच्या सामानात रिकामी कढई कशाला? त्याने बोटाने ती वाजवून पाहिली आणि विचारलं की हे कोणाचं आहे.

लतीफ पुढे होऊन काही सांगणार, तेवढ्यात बाळाजींनी कठड्यापलीकडून हात वर केला. अरबी, हिंदी, जे जे येत होतं ते सगळं एकत्र करून, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "बिंती! मेरी बेटी का है. संभाल के रखो. चीन में उसका घर है!"